सत्तरच्या पुढची थरथर

आमच्या व्हॅनने सत्तर ओलांडले की सगळ्यात आधी डॅशबोर्डवरचा गणपती बोलायला लागायचा. डबल टेपने चिकटवलेली चार बोटांची मूर्ती, पण आवाज असा की जणू आत भुंगा अडकलाय. मग आरशातली मागची गाडी पुसट व्हायची. मग पायाखालचा पत्रा, मग सीट. पंच्याहत्तरला तर पप्पांच्या शर्टाच्या खिशातलं पेन हलताना दिसायचं. आणि या सगळ्याच्या मागे, ट्रेमध्ये रचून ठेवलेली खारी गुपचूप चुरा होत असायची.

खारी किती नाजूक असते, हे चहात बुडवणाऱ्याला कळत नाही, पोहोचवणाऱ्याला कळतं. पप्पा रोज पहाटे साडेचारला कोल्हापुरातल्या बेकरीतून पाव, टोस्ट, नानकटाई आणि खारी घेऊन निघतात. आधी कागल, मग निपाणी. चहाच्या गाड्यांना माल साडेसहाच्या आत लागतो. उशीर झाला की दुसऱ्याचा माल लागलेला असतो. माल वेळेत गेला आणि पुड्यात पापुद्र्यांचा भुगा निघाला, तर दुकानदार तो पुडा परत देतो. म्हणजे हळू चालवलं तर गिऱ्हाईक जातं आणि जोरात चालवलं तर खारी जाते. गेल्या पावसाळ्यापासून पप्पा या कात्रीत सापडले होते.

गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत बसत नाही. चौकोनी डब्यासारखी, इंजिन पुढच्या सीटच्या खाली, जोर मागच्या चाकांना. तुमच्यापैकी निम्मे जण शाळेत असल्याच व्हॅनमधून गेले असतील, दप्तर मांडीवर घेऊन. गाडीत दोष म्हणावा तर तसा काही नव्हता. वय झालेलं, पण सकाळी एका झटक्यात सुरू व्हायची. फक्त ही थरथर.

तिच्यासाठी काय केलं नाही? टायरवाल्याने सांगितलं, पुढचे टायर गेलेत. नवे घातले. फरक नाही. मग बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. अलाइनमेंटने गाडी सरळ धावायला लागली हे खरं, पण थरथरत सरळ धावायला लागली. मग एका गॅरेजवाल्याने छातीवर हात ठेवून सांगितलं, इंजिनचं माउंटिंग बसलंय, हंड्रेड पर्सेंट तेच. ते बदललं. दोन दिवस पप्पांना वाटलं की कमी झालं. तिसऱ्या दिवशी गणपती परत बोलायला लागला. साडेअकरा हजार रुपये गेले होते, आणि प्रत्येक वेळी पद्धत एकच: “हे बदलून बघू.”

दिवाळीनंतर जुन्या गाड्या घेणारा एक जण घरी आला. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, “चेसिस गेलीय.” मग जो आकडा त्याने सांगितला तो ऐकून आईने चहा ठेवायचा विचार बदलला. पण तो गेल्यावर पप्पा बराच वेळ गप्प होते. आणि मग म्हणाले, “अजून दोन हजार वाढवले तर देऊन टाकतो.” म्हणजे धंद्याची गाडी गेली, नवीला कर्ज, आणि माझ्या एम.एस्सी.च्या फीचं काय हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण तो घरात फिरत होता.

मी टी.वाय.बी.एस्सी.ला फिजिक्सला आहे. दोलनं, तरंग, अनुनाद हे सगळं तीन वर्षं लिहितेय. परीक्षेत “अनुनादाची दोन उदाहरणे द्या” म्हटलं की झोपाळा आणि पूल. आमच्याच दारात तिसरं उदाहरण रोज पहाटे स्टार्ट होत होतं, आणि माझ्या डोक्यात ते आलं नव्हतं. आलं ते एका मैत्रिणीमुळे. तिने प्रोजेक्टसाठी फायफॉक्स नावाचं अ‍ॅप वापरलं होतं. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने तयार केलेलं, फुकट मिळणारं. मोबाइल आडवा-उभा झाला हे ज्या सेन्सरमुळे कळतं, तोच सेन्सर धक्के मोजायला वापरता येतो. अ‍ॅप त्या धक्क्यांचं पृथक्करण करून दाखवतं की त्यात सेकंदाला किती वेळा होणारी थरथर किती जोराची आहे.

पण अ‍ॅप ही नंतरची गोष्ट. आधी मिस्त्री भेटले.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्याचं लेथ नाही तो माणूस शोधावा लागतो. तिथल्या एका बोळात हे मिस्त्री शाफ्ट आणि जॉइंटची कामं करतात. वय साठीच्या पुढे, चष्म्याची एक काडी तारेने बांधलेली. बेकरीच्या भट्टीचा पंखा त्यांनीच दुरुस्त केला होता, म्हणून पप्पांची ओळख. आम्ही गाडी नेली तर त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. स्टुलावर बसायला सांगितलं आणि प्रश्न विचारायला लागले.

“कवापासनं हाय?”

“पावसाळ्यापासनं,” पप्पा म्हणाले. “हायवेला एका खड्ड्यात आपटली होती.”

“पावसाळा चार महिन्याचा असतोय. तारीख सांगा.”

तारीख कोण लक्षात ठेवतं? पण आमच्याकडे एक वही होती. परत आलेल्या मालाची वही. पप्पा ती रोज लिहितात. घरी येऊन मी जून ते ऑक्टोबर चाळली. जूनमध्ये खारीचे परत आलेले पुडे आठवड्याला एक, कधी दोन. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात नऊ. त्यानंतर कमी झालेच नाहीत. खड्डा मात्र ऑगस्टमधला, कारण त्या दिवशी नागपंचमी होती आणि पप्पा उशिरा आले म्हणून आई चिडली होती. म्हणजे खड्ड्याच्या आधी महिनाभर खारी मोडत होती! मग जुलैच्या पहिल्या आठवड्यात काय झालं? बिलांच्या फाइलमध्ये सापडलं: क्लच प्लेट बदलली.

हे मी मिस्त्रींना सांगितलं तेव्हा त्यांनी पहिल्यांदा गाडीकडे बघितलं. “क्लच प्लेट घालायला गिअरबॉक्स उतरवायला लागतोय,” ते म्हणाले. “गिअरबॉक्स उतरवायचा तर शाफ्ट काढायला लागतोय.” पण लगेच निष्कर्ष नाही. पुढचा प्रश्न.

“थरथर हाताला लागत्या का बुडाला?”

मला हसू आलं, पण प्रश्न पक्का होता. पुढच्या चाकांत काही बिघाड असेल तर तो बहुतेक वेळा स्टिअरिंगमधून हातात येतो. मागच्या चाकांचा किंवा शाफ्टचा असेल तर सीटमधून आणि पायाखालच्या पत्र्यातून येतो. पप्पांनी डोळे मिटून आठवलं. “बुडाला.” म्हणजे पुढचे दोन नवे टायर ज्या दिवशी घातले, त्या दिवशी हा एक प्रश्न कुणी विचारला असता तर ते पैसे वाचले असते.

“ब्रेक मारल्यावर वाढत्या?” नाही. ब्रेक दाबल्यावरच गाडी थरथरत असेल तर बघायची ती डिस्क किंवा ड्रम. आमचं तसं नव्हतं.

“एका जागी उभी करून रेस केल्यावर?” नाही. मग निव्वळ इंजिनवर संशय कमी.

“सत्तरच्या वर वाढतच जात्या का कुठं तरी कमी होत्या?” हे पप्पांना सांगता येईना. सत्तरच्या वर फार वेळ राहायचं धाडसच कुणी केलं नव्हतं.

“मग रविवारी जाऊया की,” मिस्त्री म्हणाले. “गाडीला विचारल्याशिवाय कसं कळणार?”

शनिवारी संध्याकाळी मी माझा गृहपाठ केला. मागच्या टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण केली, आणि भावाला गाडी ढकलायला लावली. टायरची खूण परत खाली येईपर्यंत गाडी १ मीटर ६८ सेंटिमीटर पुढे गेली. आता हिशोब सोपा. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. २० भागिले १.६८, म्हणजे चाक सेकंदाला साधारण १२ वेळा फिरतं. चाकात बिघाड असेल तर थरथर १२ हर्ट्झची असली पाहिजे.

मग गाडीखाली. या व्हॅनमध्ये गिअरबॉक्सपासून मागच्या डिफरन्शियलपर्यंत एक लांब पोकळ नळी जाते, तो प्रोपेलर शाफ्ट. त्याच्यावरही खडूची रेघ मारली. भाऊ ढकलतोय, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि मी बाजूला जमिनीला गाल लावून रेघ मोजतेय. (सपाट जागेवर, दुसरा माणूस ब्रेकवर पाय ठेवून बसलेला असताना, आणि गाडीच्या बाहेरून. चालत्या गाडीखाली डोकं घालायचं नाही.) चाकाचा एक फेरा झाला तेव्हा शाफ्टचे पाच फेरे होऊन वर थोडं झालं. दहा फेऱ्यांना एक्कावन्न. म्हणजे शाफ्टचा वेग चाकाच्या ५.१ पट. ताशी ७२ ला शाफ्ट सेकंदाला ६१ वेळा फिरणार.

वहीत दोन आकडे लिहिले: १२ आणि ६१. चाक की शाफ्ट, याचं उत्तर आता गाडीने द्यायचं होतं.

रविवारी सकाळी सातला आम्ही गोकुळ शिरगावच्या पुढे कागलकडे निघालो. पप्पा चालवायला, मिस्त्री शेजारी. मागची सीट एरवी ट्रेसाठी काढलेली असते, ती त्या दिवशी परत बसवली आणि मी पट्टा बांधून बसले. मोबाइल सीटच्या बोल्टजवळ पत्र्यावर टेपने घट्ट चिकटवला. हातात धरला तर आपला हातच गादीसारखा धक्के खातो. दुसऱ्या मोबाइलवर जीपीएसचा वेग. इथे पहिला धक्का: गाडीचा काटा ७६ दाखवत होता तेव्हा जीपीएस ७२ म्हणत होतं. काटे बहुतेक गाड्यांत थोडं वाढवूनच सांगतात. हिशोब करायचा तर तो जीपीएसवर करा.

रस्ता मोकळा होता. पप्पांनी जीपीएसवर ७२ धरला. गणपती सुरू झाला. मी पंधरा सेकंद रेकॉर्ड केलं आणि स्क्रीनकडे बघितलं. १२ वर एक छोटा उंचवटा होता, टेकाडासारखा. आणि ६१ वर कोल्हापूरच्या कुठल्याही टेकडीपेक्षा उंच सुळका.

मी ओरडलेच. “शाफ्ट!”

“का म्हणून?” मिस्त्री मागे न बघता म्हणाले. “टॉप गिअरला हाय न्हवं गाडी? चौथ्याला इंजिन आणि शाफ्ट एकाच फेऱ्यात फिरत्यात. तुझा मोबाइल शाफ्ट म्हणाला का इंजिन म्हणाला?”

खरं होतं. या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो. इंजिनचा एक फेरा, शाफ्टचा एक फेरा. माझ्या ६१ मध्ये दोन संशयित एकाच शर्टात उभे होते. तीन वर्षं फिजिक्स शिकून जे मला सुचलं नाही, ते सातवी शिकलेल्या माणसाने रस्त्याकडे बघत सांगितलं. जरा खट्टू झाले, खोटं कशाला बोलू.

“तिसऱ्याला घ्या,” ते पप्पांना म्हणाले. “वेग तेवढाच ठेवा. दहा सेकंद.”

तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडायला लागलं. त्या गिअरमध्ये इंजिन शाफ्टच्या साधारण १.४ पट फिरतं. थरथर इंजिनची असती तर सुळका ६१ वरून ८७ च्या आसपास सरकला असता. ८७ ला एक किरकोळ काडी उगवली. सुळका होता तिथेच, ६१ वर. मग काही क्षण न्यूट्रल: इंजिन शांत, गाडी स्वतःच्या वेगात. सुळका थोडा बुटका झाला, पण हलला नाही. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण कुणीतरी हौसेने करून बघेल. न्यूट्रल करायचं ते सरळ, मोकळ्या रस्त्यावर, काही सेकंद, आणि चावीला हात लावायचा नाही. चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं की ब्रेकची मदत जाते आणि चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. आणि जो चालवतोय त्याने मोबाइलकडे बघायचं नाही, त्यासाठी दुसरा माणूस हवा.

कागलहून परत येताना मिस्त्रींनी पप्पांना एकदाच ऐंशीला न्यायला सांगितलं. सुळका ६८ वर गेला. शाफ्टच्या वेगाबरोबर तोही चालत होता, सावलीसारखा.

तुम्ही म्हणाल, एवढी मोठी गाडी आणि ती हलवायला असं काय लागतं? हिशोब केला तेव्हा मलाही विश्वास बसला नाही. फिरणाऱ्या वस्तूत एका बाजूला जास्त वजन असेल तर ते बाहेर ओढ लावतं आणि ती ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. शाफ्टच्या मध्यापासून ३ सेंटिमीटरवर फक्त ५ ग्रॅम जास्त आहे असं धरा, म्हणजे चमचाभर साखर. सेकंदाला ६१ फेऱ्यांना त्याची ओढ २२ न्यूटन होते. म्हणजे कुणीतरी सव्वादोन किलोची पिशवी घेऊन गाडीच्या पोटाला सेकंदाला ६१ वेळा, दर वेळी वेगळ्या दिशेने हिसका देतंय. ताशी छत्तीसला हीच ओढ पाव होते, साडेपाच न्यूटन. म्हणून शहरात गाडी शहाण्यासारखी वागते. गॅरेजवाला बोळातल्या बोळात चक्कर मारतो आणि म्हणतो, “काही नाही हो, तुमचा भास आहे.”

चाकाचंही असंच. रिमवर २० ग्रॅमचा फरक असेल तर ताशी ७२ ला साधारण १८ न्यूटनची ओढ, सेकंदाला १२ वेळा. त्यातून चाक आणि अ‍ॅक्सल स्प्रिंगवर स्वतःहून नाचतात ते साधारण १० ते १५ हर्ट्झच्या दरम्यान. दोन्ही ताल जुळले की थरथर फुगते, आणि वेग आणखी वाढवला की कधी कधी कमीही होते. कमी होते का, हे मिस्त्री का विचारत होते ते मला घरी हिशोब करताना कळलं. आमची ६१ ची थरथर कमी होत नव्हती.

सोमवारी दुपारी गाडी मिस्त्रींच्या खड्ड्यावर. त्यांनी शाफ्टच्या पुढच्या टोकाला टॉर्च मारला आणि मला खाली बोलावलं. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस असतो. अधिकच्या चिन्हासारखा लोखंडी तुकडा, त्याच्या चारी टोकांवर टोप्या, टोप्यांत सुईसारखी बारीक बेअरिंग. मागचा अ‍ॅक्सल खड्ड्यांत वरखाली होतो, तरी शाफ्ट फिरत राहतो तो या क्रॉसमुळे. पुढच्या क्रॉसच्या एका टोपीभोवती विटेच्या भुकटीसारखी तांबडी पूड जमली होती.

“कुंकू लावलंय बघ,” मिस्त्री म्हणाले. “ग्रीस संपलं की आतल्या सुया गंजत्यात. त्याचीच पूड हाय ही.” त्यांनी शाफ्ट हाताने पिळला. किंचित टक् असा आवाज आला. तेवढाच.

मग त्यांनी डिफरन्शियलच्या बाजूची चकती पुसली. तिथे शाफ्टची चकती आणि डिफरन्शियलची चकती चार बोल्टने जोडलेल्या असतात. रॉकेलच्या फडक्याने मळ निघाला तसं दिसलं: शाफ्टच्या चकतीवर पंचने मारलेला एक ठिपका. दुसऱ्या चकतीवर तसाच ठिपका होता, पण बरोबर समोरच्या बाजूला. म्हणजे कधीतरी कुणीतरी नीट खूण करून शाफ्ट काढला होता. आणि जुलैत ज्याने क्लच प्लेट घातली त्याने ती खूण न बघता शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवला. चारही भोकं जुळतात, बोल्ट जातात, गाडी चालते. चूक दिसत नाही. पण दोन्ही भागांच्या वजनातले जे बारीक फरक इतकी वर्षं एकमेकांना सांभाळत होते, ते आता एकाच बाजूला आले. कुणी केलं, त्याचं नाव लिहून काही होणार नाही. पोरगाच होता, घाईत असेल. शाफ्ट काढायच्या आधी खडूने एक रेघ मारायला दोन सेकंद लागतात.

पप्पा म्हणाले, “क्रॉस पण घाला आणि फिरवून पण बसवा. एकदम होऊन जाऊ दे.”

“आज फिरवतो,” मिस्त्री म्हणाले. “क्रॉस उद्या. दोन्ही एकदम केलं तर कशानं गेलं ते हिला कसं कळणार?” हिला म्हणजे मला. आणि मग आवाज उतरवून पप्पांना, “पण उद्या घालायचाच. क्रॉस तुटला आणि शाफ्टचं पुढचं टोक रस्त्यावर पडलं तर गाडी त्याच्यावर उभी राहत्या. मी बघितलंय तसलं. तोवर चाळीसच्या वर नेऊ नका.”

एवढा वेळ आम्ही खारीचा विचार करत होतो. गाडीत रोज पहाटे एकटे पप्पा असतात, हा विचार त्या वाक्याने आला. घरी येताना रिक्षात कुणीच बोललं नाही.

त्यामुळे पहिला फरक बघायला हायवेवर जाता आलं नाही. मिस्त्रींनी गाडीची मागची बाजू भक्कम स्टँडवर उचलली, पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि सगळ्यांना लांब उभं करून चाकं हवेत फिरवली. चाळीसच्या आसपासच. (हे घरी करू नका. गाडी स्टँडवरून सुटली तर थांबवायला काही नसतं.) अर्ध्या फेऱ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. चाळीसला शाफ्ट सेकंदाला ३४ वेळा फिरतो, तिथला उंचवटा निम्म्याहून खाली आला. खर्च: चार बोल्ट सोडून परत आवळायची मजुरी. दुसऱ्या दिवशी दोन्ही क्रॉस बदलले. जुना क्रॉस हातात घेऊन फिरवला तर तो मऊ फिरायच्या ऐवजी एका जागी अडकून खरखर करत होता. त्याच्या एका टोकावर सुयांचे ठसे उमटले होते, कंगवा दाबल्यासारखे. तो आता माझ्या टेबलावर पेपरवेट आहे.

सगळं मिळून झालं बाराशे चाळीस रुपये.

बुधवारी परत त्याच रस्त्यावर, तोच मोबाइल, त्याच बोल्टजवळ. ताशी ७२. ६१ वर बारीक गवत उगवल्यासारखं काहीतरी होतं. गणपती गप्प. पप्पांनी दोनदा कान पुढे केला आणि विचारलं, “इंजिन चालू हाय न्हवं?”

राहिला होता १२ वरचा तो छोटा टेकाडासारखा उंचवटा. तो तसाच होता, किंबहुना सुळका गेल्यावर जास्त दिसायला लागला. चाकाचा. बॅलन्सिंग झालं होतं ते पुढच्या दोन चाकांचं. “मागच्याला लागत नाही” असं टायरवाल्याने सांगितलं होतं, जे खरं नाही. चारही चाकं फिरतात. मी मागची दोन्ही चाकं काढायला लावली. डाव्या रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून सिमेंटसारखा बसला होता. स्क्रूड्रायव्हरने खरवडला आणि बेकरीच्या काट्यावर तोलला: ४८ ग्रॅम. आईला काटा दोनदा धुवायला लागला आणि मला तेवढ्याच वेळा ऐकायला लागलं.

तुमच्याकडे व्हॅन नसेल, पण सहलीला, एकांकिकेला, लग्नाला अशी गाडी भाड्याने तुम्ही करताच. आमच्यासारखी हळूहळू वाढलेली थरथर वेगळी आणि अचानक आलेली वेगळी. धावत्या गाडीत एकदम थरथर सुरू झाली तर अ‍ॅप-बिप काही नाही. वेग कमी करा, गाडी बाजूला घ्या, चाकाचे नट ढिले झालेत का आणि टायरला कुठे फुगा आलाय का ते आधी बघा. पंक्चर काढून नुकतीच निघालेली गाडी असेल तर नक्की बघा. ड्रायव्हरकाका “चालतंय हो” म्हणाले तरी. आणि जुनी, मुरलेली थरथर असेल तर गॅरेजला जायच्या आधी चार ओळी लिहून न्या. कधीपासून, त्याच्या आधी कुठलं काम झालं, किती वेगाला, हाताला की बुडाला. आमच्या साडेअकरा हजारांत या चार ओळी नव्हत्या.

माउंटिंग बदलणाऱ्याला भेटून भांडायचं माझ्या मनात होतं. पप्पा नको म्हणाले. तसं त्याचंही चुकलं नव्हतं, माउंटिंग जुनं होतंच. या वयाच्या गाडीत जे उघडाल ते जुनंच निघतं. म्हणून तर प्रत्येक जण प्रामाणिकपणे काहीतरी बदलत गेला.

गाड्या घेणाऱ्याचा फोन आला, दोन हजार वाढवायला तयार होता. पप्पांनी त्याला चेसिस आता कशी आहे ते बघायला पहाटे साडेचारला बोलावलं. तो आला नाही. वहीत मागच्या तीन आठवड्यांत परत आलेले खारीचे पुडे: एक, शून्य, दोन. त्या दोनांपैकी एक मी शाफ्टवर लिहिणार नाही, कारण तो भावाच्या हातून पडला होता.

काल मिस्त्रींचा फोन आला. त्यांचा फोन बटणांचा, बोलतात ते मात्र समोर लेथ चालू असल्यासारखं जोरात. “पोरी, एक टेम्पो आलाय. साठला थरथरतोय. कालेज सुटलं की तो मोबाइल घेऊन ये.” आणि फोन ठेवता ठेवता, “येताना खारी आण. आख्खी.”